पाणी पोटभर प्यायले, मग गोळे का आले?

उन्हाळा लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. थंडीत सांधे आणि दमा, एप्रिलपासून पाणी, मीठ आणि चक्कर. या अंकासाठी पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ते ज्या घरातून आलं तशी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्याचं उत्तर वेळेवर ठाऊक असलं तर माणूस वाचतो.

"मागच्या वर्षी नवतपा चालू असताना आमचे हे शेतात पऱ्हाटीची धसकटं वेचत होते. पाणी कमी पडू देऊ नका असं सगळेच सांगतात, म्हणून पाच लिटरची कॅन संपवून त्यांनी विहिरीवरून पुन्हा भरून आणली. तरी दुपारी पोटऱ्यांत गोळे आले, उलटी झाली आणि बांधावर बसून काहीबाही बोलू लागले. दवाखान्यात सांगितलं, रक्तातलं मीठ उतरलं. बाई, घामात पाणीच जातं ना? ते तर त्यांनी भरून काढलं होतं. मग शरीरानं सांभाळून का घेतलं नाही?" (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

ताई, त्यांचा त्या दिवशीचा सदरा आठवून बघा. वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे उमटले असतील. ते मीठ. एक लिटर घामाबरोबर साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं, आणि भर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज निघतो. सकाळी सात ते दुपारी एक, हिशेब तुम्हीच करा. पाणी परत आलं, मीठ आलं नाही.

आता शरीरानं काय केलं ते सांगते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथल्या काही पेशींचं काम एकच, रक्त दाट झालं की पातळ ते बघत राहायचं. शंभरात एक-दोन इतका फरक पडला तरी त्यांना कळतो. रक्त दाटलं की या पेशी आकसतात, माणसाला तहान लागते आणि व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. किडनीला त्याचा निरोप असतो, पाणी धरून ठेव. रक्त पातळ झालं की निरोप थांबतो आणि किडनी जास्तीचं पाणी लघवीवाटे सोडून देते. धडधाकट किडनी अशा वेळी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकते.

मग तुमच्या यजमानांच्या किडनीनं ते का टाकलं नाही? कारण शरीराला रक्ताचा दाटपणा सांभाळायचा असतो तसं रक्ताचं एकूण आकारमानही सांभाळायचं असतं. मानेच्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयाजवळ ताण ओळखणाऱ्या नसा आहेत. त्या बघतात की नळ्या नीट भरलेल्या आहेत का. रक्तात पाणी टिकतं ते मिठाच्या आधारानं, म्हणून मीठ गेलं की आकारमानही घटतं. ते फार घटलं तर रक्तदाब पडेल आणि माणूस बघता बघता जाईल, म्हणून तेव्हा शरीर दाटपणाचं गाऱ्हाणं मागे ठेवतं आणि मिळेल ते पाणी धरतं. पातळ तर पातळ. त्यात उलटी, मळमळ आणि वेदना यांनीही तेच संप्रेरक वाढतं. म्हणजे सांभाळून घेणं चालूच होतं, ताई. फक्त मीठ घडवण्याची सोय कुठल्याही शरीरात नाही. ते बाहेरूनच यावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं एका वीटभट्टीवरच्या मजुरामुळे. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी. तिशीतल्या एका माणसाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. झटके येत होते. अंग गरम होतं, पण उष्माघातात चटका बसावा तसं नव्हतं. मी ओल्या चादरी गुंडाळायला लावल्या, झटक्यांचं इंजेक्शन दिलं. त्याची बायको दोनदा म्हणाली, "बाई, सकाळपासून हंडाभर पाणी प्यायला हो." मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, पाणी तरी प्यायला. तिनं निदान माझ्या हातात ठेवलं होतं आणि मला ते दिसलं नाही. रक्ताचा नमुना जिल्ह्याला पाठवला होता, पहाटे निरोप आला, सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य क्षार, ११६. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं.

मी तडक तीव्र मिठाचं सलाइन लावून आकडा वर आणायला निघाले होते. आमच्या वरिष्ठांनी हात धरला. "झटके थांबण्यापुरतं थोडं दे. मग हळू. दिवसभरात आठ-दहाच्या वर चढू देऊ नको." घाई का नाही, ते त्यांनी पहाटे चहा पिता पिता समजावलं, आणि पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरला मी ते तसंच सांगत आले. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायातल्या पेशी फुगल्या तर निभतं, मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून झटके येतात. पण मेंदूतल्या पेशी हातावर हात ठेवून बसत नाहीत. काही तासांत त्या आपल्या आतलं पोटॅशियम बाहेर सोडतात, मग दोनेक दिवसांत टॉरीन, इनोसिटॉल असले बारीक रेणूही सोडतात. आतला साठा हलका झाला की शिरलेलं पाणी परत निघतं आणि पेशी जवळजवळ मूळ मापावर येते. आता ती पातळ रक्ताशी जुळलेली आहे. अशा वेळी डॉक्टरनं एका रात्रीत रक्त दाट केलं तर पाणी पेशींतून भसाभस बाहेर येतं, पेशी चिमतात आणि मज्जातंतूंवरचं वेष्टण कायमचं बिघडू शकतं. सोडलेले रेणू परत जमवायला पेशीला दिवस लागतात. आपण तिच्या चालीनं चालायचं. तो माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि भाकर मागितली.

तेव्हा ताई, यंदा कॅनबरोबर मीठ शेतात जाऊ द्या. पन्ह्यात मीठ, ताकात मीठ, भाकरीबरोबर लोणच्याची फोड, हे आपल्या आज्यांनी उगाच नाही ठरवलं. घाम फार जात असेल तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका. साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या पेशीत एक असं दार आहे की त्यातून साखर आणि सोडियम जोडीनंच आत येतात आणि पाणी त्यांच्या मागून येतं. हे दार १९६० मध्ये ओळखलं गेलं आणि १९७१ मध्ये त्यानं हजारो जीव वाचवले. बांगलादेशच्या युद्धात बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यू शंभरात तीस होते, ते चारच्या खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

आणखी दोन गोष्टी. उन्हाच्या कामाची सवय शरीराला आठ-पंधरा दिवसांत होते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण घामग्रंथी ते परत ओढून घ्यायला शिकतात. म्हणून पहिला आठवडा काम थोडं, तेही उतरत्या उन्हात. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झटका आला की घरी काही पाजत बसू नका, गाडी काढा. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी जादा मीठ आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

"वय ७४. पहाटे लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा भिंतीला धरलं म्हणून वाचलो. झोपून रक्तदाब मोजला तर १३० वर ८०. मग चक्कर कशाची?" (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, झोपून मोजलात, चक्कर मात्र उभं राहिल्यावर येते. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरच्या वर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. तरुणपणी हे जाणवतही नाही. मानेतल्या ज्या नसांबद्दल वर लिहिलं त्यांना दाब उतरल्याचं तत्क्षणी कळतं, नाडी वाढते, पायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि पाऊल टाकेपर्यंत दाब जागेवर असतो. वयाबरोबर या नसा मंद होतात. वरून रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करणारी गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर उतरलेला दाब सावरणं आणखी अवघड होतं. तुमच्या वयाला प्रोस्टेटची गोळी बऱ्याचदा असते आणि ती रात्री घेतली जाते. पत्रात गोळ्यांची नावं नाहीत, ती डॉक्टरांना सगळी दाखवा. पाच मिनिटं झोपून आणि मग उभं राहून एक व तीन मिनिटांनी, असा दाब मोजून घ्या. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर कारण सापडलं. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

तोवर जाग आली की आधी काठावर बसा, पाय खाली सोडून घोटे वीसेक वेळा वरखाली करा, मग उभे राहा. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं. उभं राहून लघवी करू नका, बसून करा. खोलीत रात्रभर बारीक दिवा असू द्या. माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड अशाच एका पहाटे मोडलं होतं. त्यानंतर ते पूर्वीसारखे कधी चालले नाहीत.

"रक्त आम्लधर्मी झालं की सगळे रोग होतात, म्हणून अल्कलाइन पाण्याचं यंत्र घ्या असं एक ओळखीचे सांगतात. किंमत लाखाच्या घरात आहे. घ्यावं का?" (एक वाचक, ठाणे)

घेऊ नका. रक्ताचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (pH), ७.३५ ते ७.४५ या चिमूटभर जागेत राहतो आणि तो राखणारी दोन यंत्रं तुमच्याकडे जन्मापासून आहेत. फुप्फुसं कर्बवायू बाहेर टाकून मिनिटांत आम्ल कमी करतात, किडन्या उरलेलं आम्ल तासा-दिवसांत लघवीतून काढतात. तुम्ही प्यायलेलं पाणी आधी जठरात पडतं आणि तिथलं आम्ल त्या पाण्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपवतं. रक्त खरोखर आम्लधर्मी झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, यंत्राच्या चौकशा करत नसतो. ते पैसे मुदत ठेवीत ठेवा.

"आमचं माळकरी घर. आई ६८ वर्षांची, मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू. गेल्या निर्जळी एकादशीला दुपारी देवळात घामाघूम झाली, हात थरथरले आणि कोसळली. शेजारच्या आजी तिच्याहून मोठ्या, त्यांना काही होत नाही. आईलाच का?" (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उपवास सोडायला सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण आईंच्या शरीरात काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

आपल्या अंगात पाचेक लिटर रक्त, आणि त्या सगळ्यात मिळून साखर किती? चहाचा एक चमचा. एवढ्याशा साखरेवर मेंदू चालतो, आणि तो एकटाच दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास संपवतो. म्हणजे चमचा सतत रिता होतो आणि सतत भरला जातो. शेजारच्या आजींनी खाणं थांबवलं की त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन आखडतं घेतं आणि त्याच्या उलट काम करणारं, साखर वाढवणारं ग्लुकागॉन सोडतं. लिव्हरमध्ये शंभरेक ग्रॅम साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, तो उघडतो. तो सरत आला की लिव्हर प्रथिनांपासून आणि चरबीच्या तुकड्यांपासून नवी साखर घडवतं. देवळात भजन चालू असताना हे सगळं आत चाललेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो.

तुमच्या आईंच्या दोन गोळ्यांतली एक ग्लिमेपिराइड जातीची असावी असा माझा अंदाज आहे, चिठ्ठी बघून खात्री करा. इन्सुलिन सोडणारी पेशी एरवी रक्तातली साखर वाढली तरच उघडते. ही गोळी तिला बाहेरून ढकलते, साखर कमी आहे की जास्त हे न बघता. पोट रिकामं, तरी इन्सुलिन सुटत राहिलं, लिव्हरचं दार बंद राहिलं आणि चमचा रिता झाला. घाम आणि थरथर हा शरीराचा शेवटचा ओरडा होता, ॲड्रेनलिनचा.

म्हणून एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि त्या दिवशीच्या गोळीचं विचारून घ्या. साखर तपासायचं छोटं यंत्र आणा. बोटाला टोचल्यानं उपवास मोडत नाही. आकडा सत्तरच्या खाली गेला तर तीन चमचे साखर किंवा तेवढा गूळ लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी उपवास मोडला तरी चालेल. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. आणि आईंना सांगा, दशमीलाच डॉक्टरांचं ऐकलं असतं तर विठ्ठलाची काही हरकत नव्हती.

"मी आठवीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आहे की पेशी आपल्या आत काय यावं आणि काय जावं ते ठरवते. पण पेशीला मेंदू नसतो. मग तिला कळतं कसं?" (एक विद्यार्थिनी, नांदेड)

बाळा, हे पत्र मी तीनदा वाचलं. मोठी माणसं हा प्रश्न विचारत नाहीत.

तू आईला लोणचं घालताना पाहिलं असशील. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं आणि फोडी सुरकुततात. बाहेर क्षार जास्त झाले की पाणी तिकडे जातं, आत जास्त झाले की आत येतं. पेशीच्या आत प्रथिनं ठासून भरलेली असतात, त्यामुळे पाणी सतत आत यायला बघतं. काहीच केलं नाही तर पेशी फुगून फुटेल. म्हणून तिच्या भिंतीत, म्हणजे पटलात, लाखो पंप बसवलेले असतात. प्रत्येक पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो.

आता तुझं 'कळतं कसं'. या पंपाला आतल्या बाजूनं सोडियमसाठी तीन बैठका असतात. पेशीत सोडियम वाढलं की त्या बैठका पटापट भरतात आणि पंप भराभर फिरतो. सोडियम घटलं की बैठका भरायला वेळ लागतो, पंप मंदावतो. झालं. मोजणारा आणि काम करणारा एकच, त्याला कुणाला विचारायला जावं लागत नाही. डेन्मार्कमधल्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना हा पंप शोधला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. तू पत्र वाचते आहेस त्या क्षणीही, नुसती बसलेली असताना, तुझ्या शरीराच्या खर्चातला सुमारे पाचवा हिस्सा या पंपांवर चालला आहे.

मला हे सगळ्यात छान दिसलं ते रक्तपेढीत. तांबड्या पेशीला तर केंद्रकही नसतं. रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये दोन ते सहा अंश तापमानात ठेवतात, महिनाभर टिकते. थंडीत पंप जवळजवळ थांबतो, आणि दिवस जातात तसं पेशींतलं पोटॅशियम झिरपून पिशवीतल्या पाण्यात वाढत जातं. मग ते रक्त कुणाला तरी चढवलं जातं. अंगाची ऊब लागली, साखर मिळाली, की त्या पेशी झोपेतून उठल्यासारख्या पुन्हा पंप चालवतात आणि गळालेलं पोटॅशियम आत ओढून घेतात. बाळंतपणात रक्त गेलेल्या किती बायांना मी अशी पिशवी लावली असेल. शेवटचे थेंब उतरताना प्रत्येक वेळी मला हेच आठवायचं, की आता त्या कामाला लागल्या.

घरी एक करून बघ. कच्च्या बीटाच्या चार फोडी कर आणि वाहत्या पाण्याखाली धू, धुवून निघालेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग तेवढा जाऊ दे. मग दोन फोडी गार पाण्याच्या वाटीत टाक, आणि दोन आईला सांगून उकळत्या पाण्यात. उकळत्या पाण्यानं पेशीचं पटल फाटतं. दोन्ही वाट्या खिडकीत ठेव आणि अर्ध्या तासानं, मग संध्याकाळी, रंग बघ. काय दिसलं ते वहीत लिहून मला कळव, तारखेसकट.